टेसाचं पाचवं वर्ष

बुधवारी सकाळी आर्विड टोलेफ्सननं अंदाजाचा कागद तिसऱ्यांदा मांडला, आणि तिसऱ्यांदाही हॅल्वर कॉलेजच्या मुली तीन गुणांनी जिंकल्या. पहिलीला दहा गुण, दुसरीला आठ, तिसरीला सहा, मग पाच, चार असे उतरत आठवीला एक. हिवाळाभराच्या शर्यतींच्या वेळा समोर ठेवायच्या, कोणाचा पाय दुखावलाय ते विचारून घ्यायचं, आणि बंदिस्त ट्रॅकवरच्या अजिंक्यपदात कोण कितवं येईल ते लिहायचं. हा कागद दर फेब्रुवारीत बेकरीच्या दारावर लागायचा. लोक कॉफी घेताना त्यावर भांडायचे.

या वर्षी तो एकटाच मांडत होता. त्याची बायको लोर्ना नोव्हेंबरात वारली. तेव्हापासून त्याला एका जागी बसवत नव्हतं. दोन ओळी लिहिल्या की तो उठायचा, धुतलेला कप पुन्हा धुवायचा, अंगणात जाऊन बर्फ ओढायचा. ओढण्याजोगा बर्फ नसला तरी.

कागदाच्या डोक्यावर एक फोटो लागायचा. फोटो लोर्ना काढायची. नवे नव्हते, म्हणून त्यानं तिचे जुने उघडले. त्याच्या कागदावर मैलाच्या शर्यतीत हॅल्वरची टेसा ब्रुनिंग पहिली येणार होती, तेव्हा टेसाचाच एखादा शोधावा म्हणून. चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातला एक चांगला सापडला. वळणावर टेसा, तोंड उघडं, कमरेवर क्रमांकाचा कागद चिकटवलेला, अंगात कॉलेजची मरून जर्सी.

त्यानं फोटो छापायला घेतला आणि हात थांबला.

डिसेंबर. पहिलं वर्ष. त्या वर्षी टेसा पायाच्या दुखण्यानं संघाबाहेर बसून होती. नियम असा की खेळाडूला चारच वर्षं कॉलेजतर्फे धावता येतं. बसून काढलेलं वर्ष त्यात धरत नाहीत. त्या वर्षात हौसेनं एखादी शर्यत धावावी, पण स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कपड्यांत. कॉलेजची जर्सी घालून एक शर्यत जरी धावली, तरी ते वर्ष खर्ची पडलं.

त्यानं निकालांची वही काढली. टेसा ब्रुनिंग, स्वतंत्र, सातवी. नोंद स्वतंत्र, आणि फोटोत अंगात कॉलेजची जर्सी.

म्हणजे तिची चार वर्षं गेल्या वर्षीच संपली होती. हा सगळा हिवाळा ती पाचवं वर्ष धावत होती, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

आणि आता त्याला तो दिवस आठवला. शर्यतीआधी टेसाच्या नाकातून रक्त आलं होतं. तिचा पांढरा शर्ट भरला. लोर्ना फेऱ्या मोजायच्या टेबलाशी बसायची, आणि संघाच्या जर्सी धुऊन आणण्याचं कामही तिचंच, म्हणून खोकं तिच्या पायाशी होतं. तिनं वरची जर्सी उचलून पोरीच्या अंगात घातली. मुलींना रेषेवर उभं करणारा, त्यांचे क्रमांक आणि कपडे तपासणारा पंच आर्विडच होता.

"लोर्ना, ही जर्सी चालत नाही," तो म्हणाला होता.

"मग काय उघडी धावू दे? कर की उभं तिला."

आणि त्यानं केलं होतं.

तो गाडी घेऊन निघाला. कॉलेजवरून पुढे गेला, धान्याच्या कोठारापाशी वळला, परत आला, पुन्हा पुढे गेला. तिसऱ्या फेरीला त्यानं गाडी आत घातली.

कोच रॉक्सान डाल ऑफिसात उभ्यानंच सँडविच खात होती. तिच्या कॉलेजच्या दिवसांत तिलाही त्यानंच रेषेवर उभं केलं होतं. तिनं फोटो पाहिला, वहीतली ओळ पाहिली, सँडविच खाली ठेवलं.

"हा आणखी कोणी पाहिलाय?"

"नाही. मीच."

"मग मला कशाला दाखवलात, आर्विड?"

"एकट्याकडे ठेवता येईना."

"वा. म्हणजे आता दोघांना झोप नको." ती खिडकीशी गेली, परत आली. "परवा अजिंक्यपद सुरू होतंय. पोरीनं या एका वर्षासाठी नोकरी नाकारलीय. तुम्हाला ही अडगळ आजच उपसायची होती?"

"फोटो शोधत होतो."

"मांजराचा लावायचा होता एखादा."

तो हसला नाही. तीही नाही. थोड्या वेळानं तिनं टेसाला बोलावून घेतलं.

टेसा ओल्या केसांनी आली. फोटो पाहून ती आधी म्हणाली, "ई, माझं तोंड बघा." मग दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि खुर्चीत बसली. रॉक्साननं सांगितलं.

"म्हणजे मी धावायचं नाही?"

"कळवलं तर आत्ता तरी नाही. नाही कळवलं, आणि पुढे कोणाला सापडलं, तर गुण सगळ्या संघाचे जातील."

"वाट काहीच नाही?"

रॉक्साननं नियमांचं पुस्तक उलटलं. बराच वेळ उलटत राहिली. मग एका ओळीवर बोट ठेवून तिनं पुस्तक आर्विडकडे सरकवलं, मोठ्यानं वाचलं नाही. चूक खेळाडूची नसून पंचांची किंवा कॉलेजच्या माणसाची असेल, आणि त्या माणसानं तसं नावानिशी लिहून दिलं, तर समिती ते वर्ष न धरण्याचा विचार करील.

टेसा वाकून तीच ओळ वाचत होती. वाचून ती म्हणाली, "लोर्ना खूप चांगल्या होत्या हो. मी त्यांचं नाव नाही सांगणार. मीच जर्सी उचलली म्हणते."

"मग तू गेलीसच," रॉक्सान म्हणाली.

"गेले तर गेले. मेलेल्या बाईवर कसं ढकलू?"

आर्विड उठला. दारापर्यंत गेला. लोर्नाच्या अंत्यविधीला चर्चमध्ये लोक बोलले होते तेव्हा एकानं म्हटलं होतं, पस्तीस वर्षांत या बाईनं मोजण्यात एक फेरी चुकवली नाही. ते ऐकून त्याला बरं वाटलं होतं. तेवढंच बरं वाटलं होतं त्या दिवशी.

तो परत येऊन बसला.

"कागद दे," तो रॉक्सानला म्हणाला. "आणि तू जा बाहेर, टेसा. तू असलीस तर मला लिहिता येणार नाही."

त्यानं लिहिलं. माझी पत्नी लोर्ना टोलेफ्सन हिनं मुलीला कॉलेजची जर्सी दिली. नियम तिला माहीत होता. मलाही माहीत होता. तपासणं माझं काम होतं. मी पाहिलं आणि जाऊ दिलं. मुलीनं काही मागितलं नव्हतं. खाली सही केली. 'मायेपोटी दिली' असं एकदा लिहिलं होतं, ते खोडलं. समितीला त्याच्याशी काय करायचं होतं?

गुरुवारी दुपारी समितीच्या बाईचा फोन आला.

"पत्नींशी बोलता येईल का?"

"ती वारली."

"माफ करा. मग आमच्यापाशी फक्त तुमचा शब्द आहे."

"आणि टेसाचा फोटो. तो लोर्नानंच काढलाय. लपवायचं असतं तर काढला नसता."

"तुमचं पंचाचं कार्ड जाईल, टोलेफ्सन. निदान या मोसमापुरतं."

"ते मी धरून चाललोय."

"आणखी काही सांगायचंय?"

त्याला पुष्कळ सांगायचं होतं. "नाही," तो म्हणाला.

शुक्रवारी बस निघायच्या वीस मिनिटं आधी उत्तर आलं. ते वर्ष धरलं जाणार नाही. टेसा धावेल. रॉक्साननं बसच्या पायरीवरूनच त्याला फोन केला आणि नुसतं "हो" म्हणाली. मागे मुली इतका गलका करत होत्या की पुढचं ऐकू आलं नाही.

शनिवारी मैलाच्या अंतिम शर्यतीला आर्विड, कार्ड गेलेलं म्हणून, प्रेक्षकांत बसला. पस्तीस वर्षांत तो तिथे बसला नव्हता. कुठे बघायचं, हात कुठे ठेवायचे, ते कळेना. तो उठला.

"अहो, खाली बसा, दिसत नाही," मागची बाई म्हणाली.

तो बसला. पिस्तुलाचा बार झाला. आठ फेऱ्या. टेसा चौथी, मग पाचवी. पुढच्या तिघी सुटून निघाल्या होत्या. तो पुन्हा उठला आणि माफी मागत, लोकांच्या गुडघ्यांवरून, पायऱ्यांवरून खाली उतरला, वळणाच्या कठड्यापाशी गेला. फेऱ्या मोजायच्या टेबलाशी एक तरुण मुलगा बसला होता. आर्विडनं तिकडे एकदाच पाहिलं.

पंचानं कोणाच्या बाजूनं ओरडायचं नसतं. एवढी वर्षं तो आणि लोर्ना तोंड मिटून राहिले होते. आवडत्या पोरी जिंकल्या तरी, हरल्या तरी. घरी जाताना गाडीत बोलायचे.

शेवटच्या फेरीची घंटा वाजायला दोन फेऱ्या होत्या. टेसा वळणावर आली, चेहरा पांढरा पडलेला, खांदे वर चढलेले.

"खांदे सोड, टेसा," तो ओरडला. आवाज घोगरा निघाला, त्याचाच आहे असं वाटेना. शेजारच्या माणसानं वळून पाहिलं. "खांदे सोड, बाळ. जा. जा आता."

तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. पण ती पुढची फेरी घेऊन येईपर्यंत तो श्वास भरून घेत उभा होता, पुन्हा ओरडण्यासाठी.