पावण्यांचा तुकडा

शाहू महाराजांच्या राज्यात मंगळवार पेठेतला नबीलाल पुण्याला जाऊन शेतीशास्त्र शिकून आला आणि दरबारच्या शेतकी खात्यात चिकटला. त्याच्या आईला, बिबीजानला, वाटलं होतं पोरगा आता खुर्चीत बसणार. कसली खुर्ची! वर्षभर गडी पंचगंगेकाठी आकारामआण्णाच्या वावरात चिखल तुडवत होता.

प्रयोग साधाच होता. उसाच्या एका वावराचे दोन सारखे तुकडे, बेणं तेच, पाणी तेच. एकाला नेहमीचं शेणखत, दुसऱ्याला करंजीची पेंड. ज्याचा गूळ जास्त भरेल ते खत सरस. खात्याच्या साहेबांनी बजावून ठेवलं होतं, "यंदा आकडा दाखवा, तर बढती; नाहीतर प्रयोग बंद." शास्त्राचं काम म्हणजे निम्मं वाट बघणं आणि निम्मं निस्तरणं. मुळं खाणारी हुमणी लागली, कोल्ह्यांनी ऊस फोडला, पाटाचं पाणी भलतीकडंच गेलं. पण पेंडीचा ऊस असा तरारला होता, की बघून नबीलालचा सगळा शीण जायचा.

माघात गुऱ्हाळ लागलं. दोन्ही तुकड्यांचा ऊस वेगवेगळा गाळला, ढेपा तराजूवर चढल्या. पेंडीचा गूळ कमी भरला होता. नबीलालनं तराजू तपासला, वजनं तपासली, पुन्हा सगळं तोललं. तेच! वर्ष पाण्यात गेलं म्हणून तो रस उकळणाऱ्या चुलवाणाशेजारी मटकन बसला.

"कमी भरणारच की!" आकारामआण्णा खुशीत म्हणाला. "आल्यागेल्याला समदा त्याच तुकड्यातला ऊस दिलाय न्हवं."

"काय?"

"मग काय! गुऱ्हाळावर आलेल्या पावण्याला तसंच लावून द्यायचं व्हय? आन् द्यायचा तर चांगला द्यावा. तालमीतली पोरं येऊन रस पिऊन गेली. लेकीच्या सासरी कुरुंदवाडला गाडीभर मोळ्या धाडल्या."

नबीलालचं डोकं फिरलं. "आण्णा, त्या तुकड्याला कुणी हात लावायचा न्हाय म्हणून कितींदा सांगितलंतं!"

"त्ये चोरासाठनं सांगितलासा. पावणं काय चोर हायती?" आण्णाही तापला. "आन् पैल्या दिवशी तुमी तांब्याभर रस प्यालासा, वर आणखी मागितलासा. त्यो कुठला हुता?"

तो रस नबीलालला चांगला आठवत होता. असा रस आपण जन्मात प्यालो नाही, असं तो तेव्हा मोठ्यांदा बोललाही होता.

आण्णाला मग वाईट वाटलं. "अंदाजानं चार ढेपा वाढवून लिवा की. किती गेला त्ये मी सांगतो तुमच्या सायबाला."

खोटं कशाला बोला, नबीलालला मोह झाला. पेंडच सरस, हे गुऱ्हाळावरचं शेंबडं पोरसुद्धा सांगत होतं. पण चार ढेपा की सहा, हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. "प्रयोग बाद धरावा, साहेब."

"कारण?"

"पाहुणचार."

त्यानं सगळं सांगितलं, स्वतःच्या तांब्यासकट. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पेंड चांगली की वाईट, एवढं तरी सांगा."

"माझं मन म्हणतं चांगली. पण ते मोजलेलं नाही, साहेब."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "आणखी एक वर्ष देतो. बढतीचं मात्र विसरा."

बाहेर आल्यावर नबीलालचे डोळे भरून आले. बढती गेली म्हणून, आणि वर्ष मिळालं म्हणूनही.

पुढच्या लागणीला त्यानं दोन तुकडे आखले, आणि शेजारी तिसरा.

"ह्यो कशाला?" आण्णानं विचारलं.

"पावण्यांचा."

आण्णाची कळी खुलली. "ब्येस! मग ह्याला आपलं शेणखत टाकू?"

"पेंड टाका, आण्णा," नबीलाल म्हणाला. "ह्यो फिका निघाला, तर पावणं आलं की तुमचा हात पुन्हा माझ्याच उसाला जाईल."