चान्यांचं कपाट

"हे कपाट जमलं ना तेजू, तर राहतो बघ तुझ्यापाशीच," असं बाबा म्हणाले तेव्हा मला हसू आलं. दोन वर्षं मी घसा कोरडा करून सांगत होते की औशाच्या घराला कुलूप लावा आणि नोएडाला या. आणि हा माणूस एका मोडक्या फ्रिजवर राजी होत होता! म्हटलं, लागा कामाला.

माझे वडील हणमंत. औशाच्या एसटी आगारात तीस वर्षं मेकॅनिक होते. आई गेल्यापासून तिकडे एकटेच असायचे, आणि मी इकडे बाराव्या मजल्यावर एकटी. त्या वर्षी डिसेंबरात ते आले ते तीन महिने राहायचं ठरवूनच. करमलं तर घर भाड्याने देऊन कायमचे यायचे होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या घरातले गळणारे सगळे नळ दुरुस्त केले, कुरकुरणारी दारं गप्प केली आणि आठव्या दिवशी म्हणाले, "मटण कुठं चांगलं मिळतंय गं हितं? चान्या घालाव्या म्हणतो. थंडी लई झकास हाय."

चान्या म्हणजे मटणाच्या लांब, पातळ पट्ट्या. मीठ-हळद चोळून तारेवर टांगायच्या आणि कडकडीत वाळल्या की डब्यात भरून ठेवायच्या. विस्तवावर भाजून ठेचल्या की ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. औशाला आमच्या अंगणात लिंबापासून खिडकीपर्यंत तार होती. खाली काठी घेऊन बसायचं आणि कावळे हाकलायचे, हे लहानपणी माझं काम होतं. सगळ्या वस्तीच्या अंगणांत तशा तारा असायच्या आणि कुणाच्या चान्या किती पातळ यावर बायकांची चढाओढ चालायची.

आता खरं सांगायचं तर मटण सगळेच खातात. रविवारी आमच्या लिफ्टमध्ये दर मजल्याला वेगळा मसाला हुंगायला मिळतो. पण चान्या म्हटलं की मराठी माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही. आडनाव सांगायची गरज नाही, वस्ती सांगायची गरज नाही. पुण्याला हॉस्टेलवर पहिल्या वर्षी मी डबा उघडला होता, आणि पुढची तीन वर्षं माझ्या खोलीत माझ्याशिवाय कुणी राहायला आलं नाही. तेव्हापासून मी हुशार झाले. माझ्या नोएडाच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, पण ती हल्ली कुणाच्याही हॉलमध्ये असते, शोपीस म्हणून खपून जाते. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत आहे. ही अशी माझी हुशारी.

म्हणून मी म्हटलं, "बाबा, बाल्कनीत नको. इथे जमणार नाही."

"का गं?"

समोरच्या टॉवरमध्ये माझ्या ओळखीच्या एक मराठी बाई, कल्पनाताई, राहतात, हे कारण मी सांगितलं नाही. "कबुतरं किती आहेत बघा," म्हटलं. "आणि ही दिल्लीची हवा. दिवसभरात काळी पडतील."

बाबांना वाटलं, अडचण कबुतरांची आणि धुळीची आहे. मेकॅनिकला अडचण सांगितली की त्याचे डोळे चमकतात. मागच्या बाल्कनीत माझा जुना एका दाराचा फ्रिज बंद पडून होता. तो त्यांनी दोन दिवस चारी बाजूंनी न्याहाळला, आणि मग ते कपाटाचं वाक्य म्हणाले, सुरुवातीला सांगितलं ते.

त्यानंतरचे पंधरा दिवस ही मला त्यांच्याबरोबर मिळालेली सगळ्यात चांगली सुट्टी होती, आणि तेव्हा मला ते कळलं नाही. कंप्रेसर भंगारवाल्याला दिला. खाली एक आणि वर एक अशी दोन भोकं पाडली. नेहरू प्लेसला जाऊन आम्ही कॉम्प्युटरचे दोन पंखे आणले. खालचा हवा आत घेणार, वरचा बाहेर फेकणार. माझ्या एअर प्युरिफायरचा जुना फिल्टर खालच्या भोकाला बसला, त्यावर माशांसाठी जाळी. पडद्याच्या स्टीलच्या नळ्या आडव्या लागल्या. सायकलच्या आऱ्या वाकवून आकडे केले. धुक्याच्या दिवशी आत दमट राहू नये म्हणून तळाशी चाळीसचा बल्ब. बाबा तोंडात स्क्रू धरून मला हुकूम सोडत होते आणि मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये माइक बंद करून पाना शोधत होते.

सगळं झाल्यावर त्यांनी माझा एक जुना पायमोजा मागितला. त्यात लाकडी कोळसा कुटून भरला आणि वरच्या पंख्यासमोर बांधला.

"हे कशाला?"

"वास ओढून घेतो कोळसा. तू चारचौघांत राहतीस. कुणाला तरास नको."

हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांना सुचलं होतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी बाबा जवळच्या भंगेलच्या बाजारातून दोन किलो मटण घेऊन आले. पाटावर बसून त्यांनी ते कापलं. गोळा हातात फिरवत फिरवत सुरी आतून अशी न्यायची की पट्टी तुटतच नाही, उलगडत जाते. मला दोनदा शिकवलं, माझी दोन्हीदा तुटली. "येईल," म्हणाले. मीठ-हळद लावून रात्रभर ठेवलं, सकाळी आकड्यांना टांगलं, दार लावलं, पंखे सुरू केले. सहा दिवस लागणार होते. शनिवारी रात्री जेवताना ते सहज म्हणाले, "माळवदकर मास्तरचा पोरगा भाड्यानं घर मागायलाय. त्याला हो म्हणून टाकू का?"

"लगेच म्हणा," मी म्हटलं. एवढी खूश मी नोकरी लागली तेव्हाही झाले नव्हते.

रविवारी कल्पनाताई तिळगूळ घेऊन आल्या. त्यांची माझी ओळख दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात, एका मराठी कार्यक्रमात झालेली. पुण्याच्या, वयाने मोठ्या, मोकळ्या आणि मायाळू. मी तापाने पडले होते तेव्हा चार दिवस खिचडी त्यांनीच आणून दिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढच्या गोष्टीत त्यांचा काही दोष नाही.

पंख्यांची घरघर ऐकून त्या थेट मागच्या बाल्कनीत गेल्या. "अगं तेजश्री, हा काय जुगाड आहे, यार?"

बाबा खुर्चीवरून उठलेच. कुणीतरी विचारावं याची ते तीन दिवस वाट बघत होते. "या ताई, दाखवतो. मीच बनवलंय. ह्याच्यात आपल्या—"

त्यांचा हात दाराच्या मुठीवर होता. मी मध्ये शिरले आणि दारावर तळवा टेकवला.

"सांडगे!" मी म्हटलं. "सांडगे, कुरडया वाळवतात बाबा. इथे धूळ फार ना. आत्ता उघडायला नको, आतली हवा जाते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. इंजिनातला आवाज नेमका कुठून येतोय हे सापडल्यावर ते जसे थांबायचे, तसे थांबले. कबुतरं नव्हती, धूळ नव्हती, वासही नव्हता. त्यांना खरी अडचण तेव्हा कळली.

"व्हय," ते म्हणाले आणि मुठीवरचा हात काढला. "हवा जाते."

माझं खोटं त्यांनी असं पुरं करून दिलं. मी तिथेच थांबले असते तरी कदाचित निभावलं असतं. पण कल्पनाताई म्हणाल्या, "काका, माझ्या सासूबाई सांडगे घालायचे म्हणून मागे लागल्यात, पण दिल्लीत वाळवायचे कुठे? आणून देऊ का?" आणि मी, शहाणीच मी, म्हटलं, "बिल्कुल! आणा ना."

त्या गेल्यावर बाबांनी दार उघडलं आणि अर्धवट वाळलेल्या पट्ट्या एकेक करून उतरवल्या.

"बाबा, राहू द्या ना. वरच्या नळीवर चान्या, खाली ताटात सांडगे. कुणाला कळणार आहे?"

"लोकाच्या तोंडात जायची वस्तू हाय," ते म्हणाले. "सांगून ठेवलं असतं तर दोन्ही ठेवलं असतं. न सांगता नाही."

त्या रात्री आम्ही त्या पट्ट्यांचं कालवण केलं. चान्या म्हणून त्या कच्च्या होत्या आणि मटण म्हणून शिळ्या. बाबांनी पानातलं सगळं संपवलं. मग सोडा घालून गरम पाण्याने त्यांनी कपाट आतून घासलं, आकडे उकळले, पायमोज्यातला कोळसा बदलला आणि दार रात्रभर उघडं ठेवलं.

सांडगे उत्तम वाळले. ते बघून तिसऱ्या मजल्यावरच्यांनी कुरडया आणल्या, कुणी मेथी आणली, कुणी भरल्या मिरच्या. "काकांचं कपाट" असं सोसायटीच्या ग्रुपवर नाव पडलं. बाबा प्रत्येकीचं ताट नाव लिहून ठेवायचे, वेळेवर फिरवायचे, हसून परत द्यायचे. आणि मी? मला अभिमान वाटत होता. वाटलं, किती छान मिसळले बाबा इथे! डोळ्यांवर कातडं ओढावं तर असं. महिनाभरात त्यांनी एकदाही मटणाचं नाव काढलं नाही, आणि मास्तरच्या पोराचंही नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी ते म्हणाले, "येतो आता. एप्रिलात जयंती हाय, वस्तीत कामं असतेत."

"जयंतीला दीड महिना आहे, बाबा."

"तयारी लागती की."

स्टेशनवर मी म्हटलं, "कपाट तर जमलं ना?" ते म्हणाले, "जमलं की. लई जमलं." आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीची काच वर जाते का खाली, ते बघत बसले.

मला हे समजायला पुढचा हिवाळा यावा लागला. खरं तर समजलं होतं स्टेशनवरच, मान्य करायला हिवाळा लागला. नोव्हेंबरात कल्पनाताई सांडग्यांचं ताट घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना बसवलं आणि सांगितलं. कपाट कशासाठी केलं होतं, चान्या म्हणजे काय, माझे बाबा कोण, मी कोण. त्यांनी ताट मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, मग तेव्हाच सांगायचं ना! त्यात काय एवढं?" खऱ्या मनाने म्हणाल्या असतील. ताट मात्र त्या परत घेऊन गेल्या, आणि मग सांडगे घालायला सासूबाईंचे हात दुखायला लागले. असो. मला वाटलं होतं तेवढं ते लागलं नाही. ज्याला मी सोळा वर्षं भीत होते, ते एवढंच होतं.

मग मी भंगेलहून मटण आणलं. बाबांना फोन केला नाही, त्यांना चकित करायचं होतं. पट्ट्या तुटल्या, तुटक्याच टांगल्या. सहा दिवसांनी त्या काढल्या तेव्हा बोटांना तोच लहानपणचा वास आला आणि मी बाल्कनीतच बसून रडले. डबा भरला आणि डिसेंबरात औशाला गेले. बैल गेल्यावर झोपा करायला निघाले होते. पण मला वाटत होतं, बैल काही फार लांब गेलेला नाही. डबा बघितला की बाबा समजतील, परत येतील.

अंगणात शिरले आणि पहिल्यांदा लक्षात आलं ते मोकळेपण. लिंबाच्या खोडावर तारेचा वळ होता, तार नव्हती.

"यंदा चान्या नाही घातल्या?"

"घातल्या की," बाबा म्हणाले. "ये, दाखवतो." ते मला घराच्या मागे घेऊन गेले. न्हाणीच्या आडोशाला एक लोखंडी कपाट उभं होतं, आगारातलं जुनं, हिरव्या रंगाचं. खाली पंखा, वर पंखा, वरच्यासमोर कोळशाचा पायमोजा. दाराला कुलूप. बाबांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली.

"कपाट कशाला, बाबा? इथे तर सगळी आपलीच माणसं."

"आपलीच हायत. पर पोरंसोरं शिकलीत आता, त्यांच्याकडं कोण कोण येतंय-जातंय. कशाला उगं कुणाच्या डोळ्यावर यायचं?" ते अगदी सहज बोलत होते. "तुझ्याकडचीच आयडिया."

मी डबा पुढे केला. त्यांनी एक तुकडा तोडून दाढेखाली धरला, हळूहळू चावला. त्यांचा चेहरा उजळला. "मीठ बरोबर पडलंय गं! पट्टी जाड झालीय, पर मीठ बरोबर." मग चावता चावता थांबले. "त्या ताईला काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं, बाबा. सगळं सांगितलं."

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. त्यासाठीच तर मी आले होते. पण ते घाबरले. माझे बाबा, ज्यांनी आयुष्यभर भर रस्त्यावरच्या अंगणात तार बांधली, ते माझ्यासाठी घाबरले.

"कशाला सांगितलंस, बाई? तुला राहायचंय तिथं."

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं, घरात आले, चूल पेटवली. चान्या भाजायला निखाऱ्यावर ठेवण्याआधी ते उठले आणि त्यांनी गल्लीकडची खिडकी लावून घेतली. त्या खिडकीला कडी आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.