काम बघायला गेलेला माणूस

आमच्या पाड्यावरून द्राक्षबागेवर मजुरांची टोळी निघायच्या आधी दोन माणसं बघायला जातात. एकानं राहणं बघायचं: पाणी, झोपडीची जागा, मालकाचं तोंड, आपल्यातली माणसं किती. दुसऱ्यानं काम बघायचं. परत आल्यावर दोघं टोळीसमोर बोलतात आणि मग ठरतं. सुरगाण्याच्या डोंगरात हे माझ्या आज्याच्या आधीपासून चालत आलंय. या रीतीनं आम्हाला पुष्कळ हरामखोरांपासून वाचवलंय.

२००० साली माझी बहीण पल्लवी बारावी सायन्स झाली. नाशकात आदिवासी मुलींच्या होस्टेलात राहून शिकली. मशीन खोलायचं वेड. होस्टेलचा पंप बंद पडला की वायरमनच्या आधी हिला हाक मारायचे. इंजिनिअरिंगच्या यादीत नंबर लागला आणि मेकॅनिकलच्या दोन जागा तिच्यासमोर आल्या. एक पुण्याच्या जुन्या सरकारी कॉलेजात, दुसरी नाशिकबाहेर नव्यानं निघालेल्या खासगी कॉलेजात. त्या नव्या कॉलेजात तिची मैत्रीण मीना आधीच गेली होती. पल्लवीला पुणं पाहिजे होतं. आमचा बा, बुधा, म्हणाला, आधी बघून येऊ. राहणं बा बघणार, काम मी. मी सातवी नापास, पण पोरगी बागेवर चालली काय अन् कॉलेजात चालली काय, आमच्याकडे बघायची रीत एकच.

पुण्यात वॉचमननं आम्हाला गेटवर पाऊण तास उभं ठेवलं. रेक्टरबाई आल्या, त्याही उभ्यानंच बोलल्या. बानं नळ सोडून पाहिला, पाणी जोरात होतं. आमच्यातल्या मुली किती हायेत, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, आम्ही इथे जात विचारत नाही. त्यांच्या मागच्या बोर्डावर खोल्यांची यादी लावली होती आणि प्रत्येक नावापुढे जातीचा प्रवर्ग टाइप केलेला होता. बाला वाचता येत नाही. मला येतं.

आमच्या शेजारच्या पेठ तालुक्यातली, आमच्यातलीच एक मुलगी होती. मेसमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी जेवत होती. शिकवणं कसं आहे विचारलं तर तिचा चेहरा खुलला. सर सुट्टी झाल्यावरही लॅबमध्ये थांबतात, म्हणाली, इथून शिकलेलं कुठं अडत नाही. मग भाताशी खेळत हळूच म्हणाली, वर्ष झालं, माझ्या खोलीत कोणी बसायला आलं नाही.

मी वर्कशॉप बघितलं. मशिनी चालू होत्या, तेलाचा वास, हात काळे झालेली पोरं, आणि म्हातारे सर स्वतः वाकून एकाला लोखंड कसं धरायचं ते दाखवत होते. काम होतं. असं काम मी जन्मात बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाशिकचं कॉलेज. तिथल्या डायरेक्टरनं आम्हाला खुर्च्या दिल्या. कपबशीत चहा दिला. बाला म्हणाला, "बसा बुधाजी." तुमच्या दहा मुली आहेत आमच्याकडे, म्हणाला, सगळ्या एका मजल्यावर राहतात. मीना धावत आली आणि बाच्या पाया पडली. गॅदरिंगला आपला नाच बसवलाय, पल्लवीला पुढं ठेवू, असं सांगत होती. बा हसत होता. बागेच्या मालकानं गोड बोललं की सावध होणारा माझा बा, त्या खुर्चीत बसून नुसता हसत होता.

मी मागं जाऊन वर्कशॉप शोधलं. दाराला कुलूप, कुलपावर गंज. खिडकीतून पाहिलं तर मशिनी कंपनीच्या प्लॅस्टिकात तशाच गुंडाळलेल्या. पट्ट्यासुद्धा कापल्या नव्हत्या. वर कबुतरांची शीट. शिपाई बोलवायला आला, चहा गार होतोय म्हणाला.

एसटीत बानं विचारलं, "काम कसं हाय?"

"चांगलं हाय," मी म्हणालो.

का म्हणालो? बाला जन्मात कोणी जी म्हटलं नव्हतं, म्हणून. पेठच्या पोरीचं ताट डोळ्यासमोरून हलत नव्हतं, म्हणून. आणि खरं सांगायचं तर मलाही खुर्ची मिळाली होती.

घरी आम्ही दोघांनी पल्लवीसमोर नाशिकच चांगलं म्हणून सांगितलं. प्रवेशफेरीच्या दिवशी हॉलमध्ये मुलाबरोबर एकालाच सोडत होते. बा बाहेर राहिला, मी आत गेलो. तिचं नाव पुकारलं. टेबलामागच्या साहेबानं विचारलं, कुठलं? पल्लवी माझ्याकडे वळली.

"दादा, काम तू बघितलंस ना?"

"बघितलं."

तिनं नाशिक सांगितलं. साहेबानं चष्मा काढला. "अगं, पुण्याची जागा सोडतेस? परत मिळायची नाही." तिनं सही केली. तिचा आमच्या रीतीवर विश्वास होता.

पहिलं वर्ष मजेत गेलं. पोरी एका ताटात जेवत, एकमेकींच्या वेण्या घालत. गॅदरिंगचा फोटो फुलाबाईनं, आमच्या आईनं, देवाच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या वर्षीही प्लॅस्टिक निघालं नाही. एकच सर तीन विषय शिकवायचे, तेही आले तर. प्रॅक्टिकलच्या वह्या मागच्या बॅचच्या वह्यांवरून उतरवायच्या. बाहेरून परीक्षक आला की त्याला कोंबडीचं जेवण आणि सगळ्या पास. अकरातल्या चौघी सोडून गेल्या, मीना त्यांत होती. सरकारदरबारी मात्र आकडा भरला: आदिवासी मुली, इंजिनिअरिंग, अकरा. तो आकडा छापणाऱ्यांनी एकदा त्या खिडकीतून डोकावायला पाहिजे होतं. पण ते कशाला डोकावतील, मी डोकावलो होतो त्यानं काय झालं?

पल्लवी पास झाली. २००४ साली सातपूरच्या एका कंपनीत मुलाखतीला गेली. तोंडी उत्तरं सगळी बरोबर आली. मग त्यांनी तिला लेथ मशीनसमोर उभं केलं आणि हा तुकडा लावून दाखव म्हणाले. तिला कुठली कळ फिरवायची ते कळेना. कोणी हसलं नाही, रागावलंही नाही. माणसानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. मग अशाच अजून दोन कंपन्या झाल्या, आणि ती पाड्यावर आली.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी गोठ्यात होतो, तिथं येऊन उभी राहिली.

"दादा, त्या दिवशी तू काय बघितलंस?"

मी सगळं सांगितलं. कुलूप, प्लॅस्टिक, कबुतरं. ती रडली नाही. रडली असती तर मी पाय धरले असते. एवढंच विचारलं, "आणि पुण्यात?" मी तेही सांगितलं. म्हातारे सर वाकून लोखंड कसं धरायचं ते दाखवत होते, तेसुद्धा. ती घरात निघून गेली.

दसऱ्यानंतर टोळी जमली. पिंपळगावकडची नवी बाग होती. बा म्हणाला, राहणं मी बघतो, काम दिनेश. मी चप्पल घालायला उठलो. दारातून पल्लवी म्हणाली, "काम बघायला मी जाते."

बानं माझ्याकडे बघितलं. तिनं त्याला सांगितलं होतं की नव्हतं, मला अजून माहीत नाही. मी चप्पल काढून ठेवली. ती बाबरोबर उतार उतरून गेली.

तेव्हापासून टोळीनं मला काम बघायला पाठवलेलं नाही.