रिकाम्या कोठीतला झोका

इल्वाने वायूची चावी फिरवून बंद केली आणि पडद्याकडे पाहिलं. झोका थांबला नव्हता.

रेणूच्या या टोकाहून त्या टोकाला झुलणारा इलेक्ट्रॉन. लेसरच्या एका लखलखाटाने त्याला ढकलायचं, दुसऱ्याने टिपायचं. दोहोंतलं अंतर केसाकेसाने वाढवत चित्रामागे चित्र जोडायचं. हिवाळाभर तिने तेच केलं होतं. पण आता पोलादी कोठीत वायूच नाही. रेणू नाही, इलेक्ट्रॉन नाही, मग झुलतंय कोण? आरशांवरून निसटलेले दोन चुकार किरण एकमेकांत मिसळत होते, एवढंच. पाळणा रिकामा, आणि ती अंगाई गात बसली होती.

तिचे कान तापले. सोमवारीच तिच्या गटातल्या सिक्स्टनने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "इल्वा, वायू बंद करून बघितलंस ना एकदा?"

"तुझ्या यंत्रात काही दिसत नाही, म्हणून माझ्यातही दिसू नये होय रे?" तिने उलट सुनावलं होतं.

सगळे हसले होते. कपात बघत सिक्स्टनही हसला होता. आणि तिने बघितलं नव्हतंच.

वरच्या मजल्यावर कॉफीची वेळ झाली होती. कुणाचं पहिलं चित्र आलं की गटप्रमुख गुनवरने केक आणायचा, ही लुंडच्या त्या प्रयोगशाळेतली रीत. हिरव्या मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या गोड लगद्याने मढवलेला गोल केक टेबलावर वाट बघत होता.

"ये गं, सुरी तुझ्या हातात," गुनवर म्हणाली.

"लवकर काप," सिक्स्टन म्हणाला, "नाहीतर आपली कंजूष गुनवर खिसा पुन्हा शिवून टाकेल!"

इल्वाने सुरी घेतली नाही. "तो झोका रेणूचा नाही, गुनवर. वायू बंद केला तरी दिसतो. नुसता किरणांचा खेळ आहे."

कुणाचा तरी चमचा बशीत वाजला.

"सिक्स्टन, तू विचारलंस तेव्हा मी बघितलंच नव्हतं. वर तुलाच हसले."

गुनवर हळूच म्हणाली, "पॅरिसच्या परिषदेला चित्रं गेलीत."

"मागे घेते. आत्ताच कळवते. माझ्या नावाने."

"कळव."

सिक्स्टनने सुरी उचलली. "केकने काय पाप केलंय?" त्याने पहिला तुकडा तिच्यापुढे सरकवला. तिने घास घेतला. मग बशी तशीच खाली ठेवली.

"चल, तुझे आरसे बघू," तो म्हणाला.

जिन्यात त्याने एखादा टोमणा मारला असता, तर तिला हलकं वाटलं असतं. तो मात्र खाली जाऊन प्रयोगशाळेचं दार धरून उभा राहिला. मान खाली घालून ती त्याच्यासमोरून आत गेली.