नुसती कॅसेट

गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी किशोरीच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं.

"आई, कपाटातल्या त्या सीलबंद डब्याला आतून ओल धरतेय. वर प्लॅस्टिक आहे, त्यामुळे काही करताही येत नाही."

नीराबाईंनी बशीतला चहा फुंकला आणि नुसतं "हं" केलं. मे महिन्याचा तिसरा आठवडा चालू होता. पावसाआधीच्या साठवणीची, आगोटीची, घाई सगळ्या कोळीवाड्यात उठली होती. बोंबील, जवळा, मिरच्या, गोधड्या, पापड, घरात म्हणून जे होतं ते उन्हात जाऊन परत येत होतं. सासूबाईंच्या त्या 'हं'ने यादीत आणखी एक जिन्नस चढला, हे किशोरीच्या लक्षात आलं नाही. ती घड्याळाकडे बघत स्कूटर काढून कामावर गेली.

किशोरी अलिबागजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. दिवसभर नमुने तपासायचे, बाटल्यांना सील करायचं आणि चिठ्ठीवर सही ठोकायची. घरी आली की तिचं दुसरं विश्व होतं, ते म्हणजे जुने व्हिडिओ गेम. टीव्हीला यंत्र जोडून वर कॅसेट खोचायची, त्या काळातले. नवरा सुजित बोटीवर इंजिन सांभाळायचा, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. त्याने एक लोखंडी कपाट तिला देऊन टाकलं होतं आणि त्यात काय आहे हे विचारायचं सोडून दिलं होतं.

हे गेम जमवणाऱ्यांत दोन जाती असतात. एक नुसती कॅसेट घेणारे. कॅसेट चालली की झालं, खोका कुठे का जाईना. दुसरे 'कम्प्लीट'वाले. त्यांना खोका हवा, आतली पुस्तिका हवी, कॅसेट बसवायचा साचा हवा, जाहिरातीचं चिटोरंसुद्धा हवं. दुसऱ्या जातीचे लोक पहिल्यांना 'लूज'वाले म्हणतात, आणि ते म्हणताना नाक थोडं वर करतात. किशोरी निसर्गतःच दुसऱ्या जातीची. अर्धवट गोष्टीने तिची झोप उडायची. पण किनाऱ्यावर पुठ्ठा टिकत नाही. खारी हवा, कसर आणि बुरशी तीन पावसाळ्यांत खोक्याचा भुगा करतात. म्हणून तिच्या कपाटात आर्द्रतामापक होता, ओल शोषणाऱ्या पुड्या होत्या, आणि मेहनतीने जपलेले अकरा खोके होते.

बारावी वस्तू मात्र नुसती कॅसेट होती. आणि सगळी बेचैनी तिचीच.

किशोरी नागावला लहान असताना शेजारच्या दादूचे वडील जहाजावर होते. त्यांनी जपानहून एक गेम आणला होता. नाव जपानीत, कुणालाच वाचता येईना, म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'पाणबुड्या'. एक पाणबुड्या श्वास रोखून बुडालेल्या शहरात उतरतो, खोल्यांमागून खोल्या पार करतो. प्रत्येकाला दहा मिनिटांची पाळी. सातव्या खोलीनंतर एक भुलभुलैया होता, आणि तिथे सगळे बुडून मरायचे. दादू म्हणायचा, खोक्यात नकाशा होता, पण खोका आजीने चुलीत घातला. पुढे दादू पुण्याला गेला आणि जाताना कॅसेट किशोरीला देऊन गेला. आज ती अडतीस वर्षांची होती आणि अजून सातव्या खोलीपुढेच मरत होती. इंटरनेटवर त्या गेमबद्दल अडीच ओळी होत्या. त्यातली अर्धी चुकीची.

तसाच दुसरा एक खोका, नकाशासकट, मुंबईच्या अमिषाकडे होता. अमिषा पक्की संग्राहक. खेळायची नाही, फक्त जमवायची. ती फोनवर म्हणाली होती, "किशोरी, तुझ्याकडे तो रेसिंगवाला सील्ड आहे ना? फॅक्टरी सील? मग बोल, पाणबुड्या तुझा. अदलाबदल. रविवारी मांडव्याला येते."

रेसिंगचा तो गेम किशोरीला मुरुडच्या एका घरातून मिळाला होता. घरच्या माणसाने कुवेतहून मुलासाठी आणला, तोवर मुलगा मोठा झाला होता, आणि डबा पेटीत पडून राहिला. तीस वर्षं कुणी प्लॅस्टिक फाडलं नव्हतं. सील अखंड, ही त्याची सगळी किंमत. पण गेल्या महिन्यापासून प्लॅस्टिकच्या आत, मागच्या बाजूला, एक राखाडी ढग दिसायला लागला होता. आर्द्रतेचा काटा रोज चौऱ्याहत्तर, शहात्तर दाखवायचा. किशोरी दिवसातून पाच वेळा कपाट उघडून बघायची आणि उघडल्याने ओल आत जाते म्हणून पुन्हा घाईने लावायची.

शनिवारी अर्धा दिवस. ती तीनला घरी आली, तर अंगणात नीराबाई चटईवर जवळा पसरत होत्या, आणि चटईच्या कडेला, स्वच्छ फडक्यावर, रांगेने मांडलेलं होतं: रेसिंगच्या गेमचा उघडलेला खोका, पुस्तिका, पांढरा साचा आणि कॅसेट.

किशोरी ओरडली नाही. तिला ओरडता येत नसे. तिने चप्पल काढली, पुन्हा घातली.

"किती वेळ उन्हात आहे हे?"

"धा वाजल्यापासून. मदी एकदा परतलं." नीराबाई कौतुकाची वाट बघत होत्या. "तूच बोल्लीस ना गो, आत ओल धरली म्हनून? पलास्टिकमदी घाम सुटला व्हता त्याला. पाठी काली बुरशी, ही एवडी! रुपयाएवडी! पुसली सुक्या कापडान."

"आई, ते प्लॅस्टिक काढायचं नव्हतं."

"मंग सुकवायचं कसं?"

"सुकवायचंच नव्हतं."

"ओला बोंबील कोंडून ठेवतं का कोन? कोंडला का कुजला." नीराबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. सुनेचा चेहरा आता त्यांना दिसला. "काय झालं गो? मोडलं का काय?"

"नाही. मोडलं नाही."

खोटं नव्हतं ते. किशोरीने खोका उचलून उजेडात धरला. बुरशी पुठ्ठ्यात शिरली होती, पुस्तिकेची शेवटची चार पानं ओलीने वाकडी झाली होती. आणखी एक पावसाळा गेला असता तर आत लगदा उरला असता. म्हणजे सासूबाईंचं निदान बरोबर होतं, इलाजही बरोबर होता. आणि उद्या अकरा वाजता अमिषा मांडव्याला उतरणार होती, सीलबंद डब्यासाठी.

"पलास्टिक टाकलं न्हाय हां," नीराबाई म्हणाल्या. "चांगलं व्हतं. लोणच्याच्या बरनीवर बांधीन म्हटलं."

त्या घडी घातलेल्या प्लॅस्टिककडे बघतानाच किशोरीला ती कल्पना सुचली, आणि सुचल्याबरोबर तिने ती झटकली. चहा केला. चहा प्यायली नाही. कपाट लावलं, उघडलं, लावलं. साडेचारला तिने सगळं पिशवीत भरलं आणि "कारखान्यात एक काम राहिलं" म्हणून स्कूटर काढली.

बाटल्यांच्या बुचांवर चढवायची पातळ फिल्म प्रयोगशाळेत रीळभर होती. गरम हवेची बंदूक होती. हे काम ती बारा वर्षं रोज करत होती. जुन्या प्लॅस्टिकवर शिवण कुठून कुठे गेली होती ते तिने पट्टीने मोजलं. मागे आडवी एक, कडांना दोन. हवा निघायला सुईएवढी भोकं होती, तीही मोजली. चार. बुरशीचा डाग आता फिकट दिसत होता. तीन वेळा जमलं नाही. चौथ्या वेळी फिल्म अशी बसली की तिचा हात क्षणभर त्यावरच राहिला. इतकं नेटकं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. जिने गेली बारा वर्षं एकही खोटा आकडा लिहिला नाही, तिने दिवा बंद केला आणि पाय न वाजवता बाहेर पडली.

रविवारी ती दहालाच जेट्टीवर जाऊन बसली. बसवेना, उठून फेऱ्या मारल्या. वडापाववाल्याने दोनदा विचारलं, "ताई, देऊ का?" तिने दोनदा नाही म्हटलं, मग घेतला आणि अर्धा टाकला. बोट आली, गाड्या उतरल्या, पर्यटकांच्या टोप्या उतरल्या, आणि त्यांच्यामागून छातीशी बॅग धरून अमिषा.

"किती गरम होतंय तुमच्याकडे, बापरे! आणलंस ना? दाखव."

बाकावर दोघींनी रुमाल अंथरले. अमिषाने डबा हातमोजे घालून घेतला. शिवण बघितली, कडा बघितल्या, भोकं बघितली. मग तिने डबा नाकापाशी नेला आणि थांबली.

"सुकटीचा वास येतो का गं?"

जवळ्याचा वास. भोकांतून. काल दिवसभर चटईवर जवळ्याशेजारी पडलेला पुठ्ठा होता तो. किशोरीला रात्रभर, सकाळभर, पिशवी उघडताना, कधीच तो वास आला नव्हता. पंधरा वर्षं त्या घरात राहिलेल्या नाकाला तो वास म्हणजे नुसती हवा होती.

"कोळीवाडा आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळ्यालाच येतो."

"हां, ते पण आहे," अमिषा हसली. "माझ्या कपाटात ठेवलं की बाकीचे खोके पण मासे खाणार! घरी सगळे जैन, मम्मी मला बाहेर काढेल." आणि तिने डबा अलगद आपल्या बॅगेत ठेवला. मग दुसऱ्या कप्प्यातून पाणबुड्याचा खोका काढला आणि किशोरीच्या मांडीवर दिला.

खोका निळा होता. दादूच्या आजीने चुलीत घातलेला तो निळा असेल, असं किशोरीला कधी वाटलं नव्हतं. तिच्या मनात तो नेहमी पिवळा होता.

"नकाशा आहे आत?"

"आहे ना. पण पूर्ण नको उघडूस, घडीवर फाटेल. अर्धाच बघ."

अर्धाच बघितला. पातळ कागद, निळ्या शाईच्या खोल्या. सातवी खोली तिने लगेच ओळखली. तिथून बारीक रेघ निघाली होती: डावीकडे, खाली, पुन्हा डावीकडे, आणि मग घडीपाशी. तीस वर्षं ती उजवीकडे जात होती. तिने रेघेवरून डोळे फिरवले, एकदा, दोनदा, तीनदा. मग नकाशा जसा होता तसा मिटून ठेवला, झाकण लावलं, आणि खोका रुमालावर परत ठेवला.

"अमिषा, ते सील मी केलंय."

"काय?"

"काल. कारखान्यात. सासूबाईंनी सुकवायला उघडलं होतं. आत बुरशी आहे. कम्प्लीट आहे, पण सीलबंद नाही."

शेजारी कुणाचं तरी लहान मूल आइस्क्रीमसाठी रडत होतं. अमिषाने बॅगेतून डबा काढला, भोकं पुन्हा बघितली.

"मला कळलं नसतं."

"माहीत आहे."

"कळलं नसतं यार, इतकं चांगलं केलंयस! बुरशीवालं खोकं माझ्या कपाटात गेलं असतं. चाळीस खोके आहेत माझे, एकाची बुरशी सगळ्यांना लागली असती."

"हो. लागली असती. म्हणून..."

"म्हणून नाही." अमिषाने हातमोजे ओढून काढले. "म्हणून असतं तर मी आल्या आल्या सांगितलं असतंस. तू आधी नकाशा बघितलास. मग सांगितलंस."

किशोरीने मनात उत्तर शोधलं, प्रामाणिकपणे शोधलं, आणि अमिषाचं निरीक्षण बरोबर आहे एवढंच हाती लागलं.

"सॉरी," ती म्हणाली.

अमिषाने पाणबुड्याचा खोका बॅगेत भरला. परतीची बोट दीड तासाने होती, त्यामुळे रागाने निघून जायची सोय नव्हती. ती उठली आणि चार बाकं सोडून पाठमोरी बसली. किशोरी सीलबंद डबा पिशवीत टाकून स्कूटरकडे गेली.

चोंढीच्या नाक्यावर येईपर्यंत ती ओठांनी पुटपुटत होती: डावीकडे, खाली, डावीकडे. नाक्यावर तिने स्कूटर बाजूला घेतली आणि औषधाच्या दुकानाच्या पावतीमागे रेघ काढली. तीन वळणं नीट आली. चौथ्यापाशी पेन थांबलं. घडीपाशी एक उभी रेघ होती, खाली जाणारी, हे तिला स्वच्छ आठवत होतं. पण ती शाई होती की नुसती घडी?

घरी नीराबाई दारातच होत्या. "दिलास गो डबा? खुश झाली का ती बाय?"

"नाही दिला."

"मी उघडला म्हनून का?" त्यांचा चेहरा पडला. शनिवारी संध्याकाळपासून त्यांनाही चैन नव्हती, हे किशोरीला आत्ता दिसलं.

"नाही आई. माझ्यामुळे."

तिने पिशवी कोपऱ्यात ठेवली. डब्यावरची फिल्म ब्लेडने कापून खोका पुन्हा उघडा केला आणि पुस्तिकेची पानं वेगळी करून पंख्याखाली ठेवली. मग जुना टीव्ही लावला, पाणबुड्याची कॅसेट खोचली आणि जेवायचं बाजूला ठेवून खाली बसली. सातवी खोली. डावीकडे. खाली. डावीकडे. इथवर ती आजपर्यंत कधीच आली नव्हती. पाणी इथे गडद होतं, आणि श्वासाची पट्टी अर्धी उरली होती.

नीराबाई मांडीवर जवळ्याचं सूप घेऊन तिच्यामागे टेकल्या. "ते बुडतंय का काय?"

"अजून नाही."

किशोरीने पाणबुड्याला खाली वळवलं. भिंत. पट्टी संपली, चित्र काळं झालं. म्हणजे ती रेघ कदाचित नुसती घडीच. किंवा किशोरीच एक चौकट आधी वळली होती. तिने पावतीवर त्या जागी एक टिंब केलं, शेजारी 'प्रयत्न एक' लिहिलं, आणि पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात केली.