खांबाला टेकवलेली सायकल

"ती सायकल घर लई जाय, मिस्त्री. माले लाज वाटस," रतिलालशेठ म्हणाले आणि त्यांनी गल्ल्यातून एक पिवळं कार्ड काढून भटूपुढे सरकवलं. वर दुकानाचं नाव छापलेलं, खाली शाईने लिहिलेलं : भटू मिस्त्री, पत शंभर रुपये.

भटू मिस्त्री शहाद्याच्या आसपासची पाणी ओढणारी ऑइल इंजिनं दुरुस्त करी. इंजिन बंद पडलं की मळ्यातून निरोप येई. भटू शेठच्या दुकानातून लागेल तो भाग उचली, आणि रोख पैसे जवळ नसायचे म्हणून सायकल दुकानाच्या खांबाला टेकवून, किल्ली शेठच्या हातात देऊन पायी निघे. एसटी सडकेवर सोडते, मळे काही सडकेवर नसतात. इंजिन सुरू झालं की शेतकरी पैसे देई, भटू परत येऊन सायकल सोडवी. शेठने ती कधी मागितली नव्हती. बारा वर्षांपूर्वी भटूनेच पहिल्यांदा ठेवली आणि मग तो रिवाज मोडणं त्याला जमलं नाही. खांबाशी सायकल दिसली की बाजार समजून जाई, कोणाची तरी केळी सुकताहेत.

आता हे कार्ड. माल न्यायचा, पैसे अमावास्येपर्यंत भरायचे. पण रोखीने दहाला मिळणारं इंजिनाचं नोझल कार्डावर अकराला. शेठ लपवाछपवी करणारे नव्हते, त्यांनी हे तोंडावर सांगितलं.

घरी छबूबाईने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याच्या सुजलेल्या गुडघ्यांना रोज तेल तीच चोळत होती.

"लई ल्या," ती म्हणाली.

"एक रुपया जास्त शे."

"एक रुपयाले नवा गुडगा भेटस का?"

बायकोचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. पण मजुरीचे मिळत तीनच रुपये, त्यातला एक हे कार्ड खाणार. तो शेतकऱ्याकडून घ्यावा, तर आराम आपल्या पायांना आणि भुर्दंड त्याला, हे भटूच्या मनाला पटेना. शेवटी एक महिना वापरून बघू, असं ठरलं.

चैत्रात कौसाबाईचा निरोप आला. ही तापीकाठची गुजर बाई. नवरा गेल्यापासून केळीचा मळा एकटीने सांभाळत होती. भटूने कार्डावर नोझल घेतलं आणि तीन कोस सायकल मारत गेला. ऊन चढायच्या आत इंजिन सुरू झालं. गुडघा दुखला नाही. वा रे कार्ड, असं त्याला मनापासून वाटलं.

कौसाबाईने ताक दिलं. मग तिची नजर बांधावरच्या सायकलकडे गेली.

"आज पायी नही, सायकलवर वनात, मिस्त्री? मंग पयसानी घाई नही. केळी निंघनी का देसू."

बाई लबाड नव्हती. एरवी मिस्त्रीचे धुळीने भरलेले पाय बघून तिने शेजाऱ्याकडून उसने आणून दिले असते. सायकल दिसली, तिला वाटलं, याचं काही अडलेलं नाही. आणि अडलंय म्हणून सांगणं भटूला उभ्या जन्मात आलं नव्हतं.

अमावास्या आली. भटूने ज्वारीसाठी ठेवलेल्या पैशांतून अकरा रुपये भरले. छबूबाईने ज्वारीचा रिकामा डबा धुऊन पालथा ठेवला. त्याला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आठवड्याने त्याने कार्ड शेठच्या गल्ल्यावर ठेवलं.

"काय चूक व्हयनी आमनी?" शेठने विचारलं.

"चूक नही, शेठ. पायी गऊ का लोकेस्ले दखास, मिस्त्री अडेल शे. कार्ड लिधं का कोनले काहीच दखास नही. आनि मांगाले माले तोंड नही."

मग त्याने चुडामण पाटलाच्या इंजिनासाठी नोझल घेतलं, सायकल खांबाला टेकवली, किल्ली ठेवली आणि चालू लागला. डावा पाय जरा ओढत होता. शेठने हयातीत पुष्कळ हुंडीवाले आणि दलाल पाहिले होते, पण असा माणूस पाहिला नव्हता. कितीतरी वेळ ते रस्त्याकडे बघत बसले.

दुपारच्या एसटीने कौसाबाई उतरली. केळी विकली गेली होती, ती मिस्त्रीचे पैसे द्यायला आली होती. शेठने तिला कार्डाची सगळी हकिगत सांगितली. मग तिने कनवटीचे अकरा रुपये मोजून ठेवले.

"मंग हाई सायकल सोडा."

शेठने एक रुपया परत दिला. सायकल ठेवून नेलेला माल रोखीच्या भावाने असे. कौसाबाईने जन्मात कधी सायकलला हात लावला नव्हता. डोक्यावरचा पदर दातात धरून, दोन्ही हातांनी हँडल घट्ट पकडून ती सायकल तिने भर बाजारातून ढकलत नेली. लोक बाजूला सरून बघत राहिले. ती कोणाकडे बघत नव्हती.

दिवस कलताना भटू चुडामणचे पैसे घेऊन परतला. खांब मोकळा होता.

"कोन लई गयं, शेठ?"

"जिन्हं देनं व्हतं ती. घर पोचनी."

भटू घरी आला. सायकल भिंतीला टेकलेली होती, चाकांची धूळ पुसलेली. फळीवर एक रुपया आणि मजुरीचे तीन रुपये होते. छबूबाई तेलाची वाटी घेऊन उंबऱ्यात बसली होती.

"कार्ड दी टाकं?"

"दी टाकं."

तिने वाटीत बोटं बुडवली.

"मंग पाय लांबा करा," ती म्हणाली.