एकोणीस घरांची रेघ

खोटं बोलायची अक्कल गल्लीला मीच दिली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, ही प्रमोदिनीबाई स्वतःला सोडून बाकीच्यांना शहाणपण शिकवते.

आमची गल्ली काशीत, पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला. एकोणीस घरं. त्यातली अकरा आपली मराठी, बाकीची इकडचीच. अठ्ठ्याहत्तरच्या पुरात या एकोणीसही घरांत गंगा शिरली होती. पाणी ओसरल्यावर ज्यानं त्यानं ते जिथवर चढलं होतं तिथे भिंतीच्या चुन्यात रेघ खोदून ठेवली. आमच्याकडे ती सासऱ्यांनी खोदलेली, आणि दर गंगादशहऱ्याला मी तिला हळदकुंकू वाहायची. मी लग्न होऊन आले ऐंशी साली, त्यामुळे पूर काही पाहिला नव्हता. रेघ तेवढी पाहिली होती.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत सरकारी कागद आला. नदीकाठाची नवी योजना. अठ्ठ्याहत्तरचं पाणी ज्या घरांच्या उंबऱ्याच्या आत गेलं होतं ती घरं रिकामी करायची आणि माणसांना शिवपूरच्या पलीकडे जागा द्यायची. शिवपूरच्या पलीकडे! आमच्या ह्यांची पाठशाळा इथे, माझी शाळा इथे, पहाटेचं स्नान इथे. तिथे जाऊन करायचं काय, डोंबल? त्या दिवशी गल्लीत कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

आता गंमत बघा. पुराची उंची मोजायची सरकारी पट्टी लांब राजघाटाकडे. तिथला आकडा आमच्या पायऱ्यांवर आणायचा तर जुना खुणेचा दगड हवा. तो दगड घाटाच्या दुरुस्तीत कुण्या शहाण्यानं उपटून उलटा बसवून ठेवलेला. मग ऑफिसनं ठरवलं की लोकांच्या घरांवरच्याच रेघा बघायच्या. पंधरा दिवसांत माणूस येऊन नोंद करून जाईल.

पंधरा दिवस म्हणजे चिक्कार झाले की! मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते, माझं डोकं लगेच चाललं. शेजारची विद्युल्लता म्हणाली, "सरळ पुसून टाकू गं रेघा."

"पुसून काय होतंय? रेघच नाही म्हटल्यावर ते दुप्पट संशय घेतील. नवी काढायची. बाहेर, जोत्याच्या दगडावर, सगळ्यात खालच्या घराच्याही उंबऱ्याच्या खाली. आणि एकोणीस घरांवर एकाच पातळीत, नाहीतर पहिल्या दिवशी पकडले जाऊ."

गवंडी वापरतात ती प्लास्टिकची पाण्याची नळी आणली. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला विद्युल्लता. नळीतलं पाणी दोन्हीकडे सारखं उभं राहिलं की बिंदुमाधवजी छिन्नीनं रेघ मारायचे. ते गल्लीतले सगळ्यांत वडीलधारे, पण त्या दोन दुपारी त्यांना विशीतला उत्साह आला होता. आतल्या खऱ्या रेघा खरवडून वर चुना फासला. बाहेरच्या नव्या रेघांवर तेल-काजळी चोळली. आमच्या घरी ती उंबऱ्याच्या बरोबर दोन फूट खाली आली. नोंद करणारा माणूस आला, तोंडात पान धरून रेघा बघत गेला, चहा पिऊन आकडे लिहून गेला. मी त्या दिवशी खुशीत शिरा केला होता, खोटं कशाला बोलू!

एप्रिलमध्ये माझ्या धाकट्या दिराला, श्रीरामला, त्याच योजनेत नोकरी लागली. तेहतीस वर्षांचा झाला तरी वायरमनची फुटकळ कामं करत फिरत होता, म्हणून कुणी मुलगी देईना. आता घाटाखाली मैल्याचा पंप बसणार आणि श्रीराम तिथला ऑपरेटर. पठ्ठ्या नकाशाच घेऊन आला आणि चटईवर पसरला.

"वहिनी, हे बघा माझं ऑफिस. इथे पंप, इथे विजेचं पॅनेल, इथे माझी खुर्ची."

मी कौतुकानं वाकून बघायला गेले आणि कोपऱ्यातल्या ओळीवर नजर पडली. पुराची सर्वांत वरची पातळी, स्थानिक निशाणांनुसार. तिच्यावर दीड फूट सोडून पंपाच्या खोलीची जमीन. ती आमची रेघ होती. माझी. मनातल्या मनात हिशेब केला. खोलीची जमीन आमच्या उंबऱ्याच्या अर्धा फूट खाली, आणि खरं पाणी आमच्या उंबऱ्यावर साडेचार फूट. म्हणजे अठ्ठ्याहत्तरसारखा पूर आला तर श्रीरामच्या खोलीत पाच फूट पाणी, आणि पॅनेल त्याच्या छातीच्या उंचीला.

"पाणी वाढायला लागलं की तू तडक घरी यायचंस," मी म्हटलं.

"तसं नाही चालत, वहिनी. पुरातच तर पंप लागतो. नाल्याच्या झडपा बंद करतात, पंप थांबला की सगळा मैला उलटा शहरात. ऑपरेटरनं जागा सोडायची नाही, लिहून घेतात तसं."

"अरे पण पाच फूट पाणी!"

तो नकाशाची घडी घालत होता. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं, त्यानं हा हिशेब माझ्या आधीच केला होता.

"तसला पूर काय दरवर्षी येतो?"

"एकदा आला तरी पुरेल की रे मेल्या!"

"वहिनी, तुम्ही यात पडू नका. बोललात तर घर जाईल. दादा कुठे राहील?"

दादा, म्हणजे आमचे हे, ढुंढिराजशास्त्री, कोपऱ्यात पोथी घेऊन बसले होते. दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायची यांची रीत. "त्याचं त्याला कळतं," एवढं म्हणाले आणि पान उलटलं. मला इतका संताप आला की ताटं आपटतच वाढली.

दोन दिवसांनी लोकांच्या हरकती ऐकायची शेवटची जनसुनवाई होती, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गणपतीच्या सभामंडपात. ते दोन दिवस मी कसे काढले माझं मला ठाऊक. शेवटी मी मनाशी एक तोड काढली. फक्त आमच्या घराची रेघ खोटी आहे म्हणून सांगायचं. खोलीची उंची वाढेल, आमचं एक घर जाईल, बाकीची अठरा सुटतील. गणिताची बाई मी, या तोडग्यात काय खोट आहे ते मला कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

सभामंडप खच्चून भरला होता. इंजिनियर साहेब लखनौकडचे, सभ्य माणूस. बोलणं सगळं हिंदीत चाललं होतं, मी आपलं मराठीत सांगते. ते म्हणाले, "इतकी नीट निशाणं मी कुठल्याच मोहल्ल्यात पाहिली नाहीत. एकोणीस घरं, आणि अर्ध्या इंचाचाही फरक नाही. म्हणून मी फेरमोजणी रद्द केली. अठ्ठ्याहत्तरचं पाणी इथे कुणाच्याही उंबऱ्याच्या आत गेलं नाही. एकही घर हलणार नाही."

काय टाळ्या पडल्या! बिंदुमाधवजींनी तर उपरणं डोळ्यांना लावलं. विद्युल्लतेनं माझा हात दाबला. मी तो हळूच सोडवून घेतला.

"कुणाची हरकत आहे? नसेल तर मी सही करतो."

मी उठले. उजवीकडून श्रीरामनं माझा पदर धरला. "वहिनी, बसा. तुम्हाला माझी शपथ."

"हरकत आहे," मी म्हटलं. "आमच्या घराची रेघ खोटी आहे. खरी उंबऱ्याच्या वर साडेचार फूट होती. ती मी खरवडली. पंपाची खोली त्या हिशेबानं वर घ्या, नाहीतर पुरात तिथे बसलेला माणूस मरेल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"फक्त तुमच्या घराची खोटी?"

"हो. फक्त आमची."

"बहनजी, पाणी एकाच घरात साडेचार फूट चढलं आणि शेजारी बाहेरच थांबलं? तुमची खोटी असेल तर एकोणीसही खोट्या."

झालं! इतका वेळ दाबून धरलेला आवाज एकदम फुटला. "हिला काय माहीत, ही तर पुरानंतर आली लग्न होऊन!" बिंदुमाधवजी काठी आपटत ओरडत होते. "साहेब, बाईचं डोकं फिरलंय!" कुणी म्हणालं, हिला शिवपुरात बंगला कबूल केलाय कुणीतरी. सोळा वर्षं ज्यांच्या पोरींना मी पाढे शिकवले त्या बाया माझ्याकडे पाहून तोंडाला येईल ते बोलत होत्या.

त्या गदारोळात श्रीराम उभा राहिला. "साहेब, मी ऑपरेटरची नोकरी सोडतो. आत्ता, इथेच. वहिनीला माझी काळजी लागलीय, दुसरं काही नाही. निशाणं आहेत तशी राहू द्या."

गलका थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि आता त्या नजरांत राग नव्हता, विनवणी होती. साहेबांनी विचारलं, "बहनजी, हरकत मागे घेता?"

आई शप्पथ सांगते, तोंडावर आलं होतं 'घेते'. श्रीराम वाचला होता. घर वाचलं होतं. एक शब्द बोलायचा आणि विद्युल्लतेशेजारी खाली बसायचं, बस्स.

"याच्या जागी दुसरा येईल ना?" मी विचारलं.

"येणारच. खुर्ची रिकामी कशी राहील?"

"मग नाही घेत. तोही कुणाचा तरी दीर असेल."

श्रीरामनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. साहेबांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाले, "तुम्ही पूर पाहिलेला नाही. खरी रेघ तुम्हीच नष्ट केली. एकोणीस घरांची नोंद एका बाजूला आणि तुमचा शब्द दुसऱ्या बाजूला. पाणी डोळ्यांनी पाहिलेला कुणी आहे का, जो तुमच्या बाजूनं सांगेल?"

त्या मंडपात पूर पाहिलेली किमान चाळीस माणसं होती. कुणी जमिनीकडे बघत होतं, कुणी गणपतीकडे. बिंदुमाधवजींनी तर डोळेच मिटून घेतले. बरं झालं, असं मनातल्या मनात मला वाटलंही. मी माझं काम केलं, आता लोकच साक्ष देत नाहीत तर मी काय करू? एवढी हलकट सुटका मला पुरली असती.

मागे खांबापाशी कुणीतरी खाकरलं. आमचे हे उठले होते. दाटीतून वाट काढत पुढे आले, साहेबांच्या टेबलासमोर ताठ उभे राहिले.

"मी पाहिलंय," हे म्हणाले. "मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. वडील माडीवर अडकले होते, त्यांना आणायला मी उंबऱ्यावर उभा राहून नावेची वाट बघत होतो." मग हात उचलून त्यांनी स्वतःच्या गळ्याला लावला. "इथपर्यंत होतं."

साहेबांनी आपल्या माणसाला खूण केली. त्यानं मोजपट्टी ह्यांच्या टाचेपाशी धरली आणि वर गळ्यापर्यंत ओढली. हे हलले नाहीत. जन्मभर चार वाक्यांवर भागवलेला माझा नवरा, एकोणीस घरांसमोर हात गळ्याशी धरून उभा होता. मला रडू फुटलं. अभिमानानं की भीतीनं, देव जाणे.

"चार फूट सात इंच," तो माणूस म्हणाला.

साहेबांनी आकडा लिहिला, खाली ह्यांची सही घेतली, माझी घेतली. पंपाची खोली वर जाणार, एकोणीस घरं यादीत येणार. सहा महिन्यांची मुदत. त्यांनी हे सगळं हळू आवाजात सांगितलं, पण ऐकू सगळ्यांना गेलं. लोक एकेक करून निघाले. मला कुणी शिवी दिली नाही. बिंदुमाधवजी जाताना ह्यांच्या पाया पडल्यासारखे वाकले आणि थुंकले.

विद्युल्लता तेवढी बसून होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, बोल बाई, काय बोलायचं ते बोल, झिंज्या उपट माझ्या.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"परवापासून."

"आज सकाळी आपण दोघी तुझ्या पायरीवर मेथी निवडत बसलो होतो. तासभर. आमच्या मुक्ताच्या बाळंतपणाला कुठली खोली द्यायची ते मी तुला विचारत होते, आणि तू म्हणालीस, मागची दे, तिथे ऊन येतं."

मी म्हटलं, "तुला सांगितलं असतं तर तू मला बोलूच दिलं नसतंस."

"नसतंच दिलं," ती म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सारखा केला आणि गल्लीत गेली. मी तिला हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार होते?